सुझानाची पहिली गायिका: नॅन्सी स्तोराचे आणि तिच्या भूमिका

आरोही_अवरोही:

मोझार्टचा 'फिगारोचं लग्न' दोनतीनदा नीट ऐकला की हळूहळू ध्यानात येतं, नाव फिगारोचं असलं तरी अख्खा ऑपेरा सुझानाच, म्हणजे काउंटेसची मोलकरीण आणि फिगारोची होणारी बायको, ओढून नेते. पडदा उघडतो तेव्हा ती स्टेजवर असते, शेवटच्या माफीच्या प्रसंगातही असते, आणि मधली सहाच्या सहा द्वंद्वगीतं तिचीच. फिगारोबरोबर दोन, मार्सेलिनाशी भांडतानाचं एक, केरुबिनो या वाड्यातल्या पोरसवदा हुजऱ्याला खिडकीतून पळवतानाचं एक, काउंटला झुलवतानाचं एक, आणि काउंटेसबरोबर चिठ्ठी लिहितानाचं ते जगभर गाजलेलं एक. शिवाय त्रिकुटं आहेत, सहाजणांचं गाणं आहे, दुसऱ्या आणि चौथ्या अंकाचे लांबलचक फिनाले आहेत. एवढं सगळं गाऊन तिच्या एकटीच्या आरिया मात्र दोनच! असा रोल का लिहिला गेला हे समजून घ्यायचं तर १ मे १७८६ ला व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात तो पहिल्यांदा ज्या मुलीने केला तिच्याकडे जायला लागतं. मुलगीच म्हणते, कारण ती तेव्हा २० वर्षांची होती.

अ‍ॅना सेलिना स्तोराचे, घरचं नाव नॅन्सी. जन्म लंडनचा, २७ ऑक्टोबर १७६५. वडील इटालियन, डबल बास वाजवणारे, आई इंग्रज. भाऊ स्टीफन तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, तो नेपल्सला संगीत शिकला आणि पुढे चांगला कंपोझर झाला. नॅन्सीचा गुरू रौत्सिनी, म्हणजे ज्याच्यासाठी मोझार्टने १७७३ मधे मिलानला 'एक्सुल्ताते युबिलाते' लिहिलं तोच. १७७८ मधे आईवडिलांबरोबर ती इटलीला गेली आणि तिथेच स्टेजवर उभी राहिली.

फ्लॉरेन्सचा एक किस्सा मायकेल केली या आयरिश टेनरने आपल्या आठवणींत दिलाय. तिथल्या पेर्गोला थिएटरात मार्केझी हा त्या काळचा सुपरस्टार कास्त्रातो (लहानपणी खच्ची केल्याने बायकांसारखा उंच आवाज राहिलेला पुरुष गायक) गात होता आणि नॅन्सी दुय्यम भूमिकेत होती. मार्केझीची एक खास तान होती, सुरांची चढण घेत वरती स्फोट केल्यासारखी जायची, लोक तिला 'मार्केझीचा बॉम्ब' म्हणायचे. तर आपल्या गाण्यात नॅन्सीने तस्साच बॉम्ब टाकला आणि प्रेक्षक वेडे झाले. मॅनेजरने सांगितलं हे परत करायचं नाही, ती म्हणाली मलाही त्याच्याइतकाच हक्क आहे, आणि तिला काढून टाकलं. वय असेल १४ च्या आसपास! हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७८२ मधे मिलानच्या ला स्कालात सार्तीच्या 'फ्रा इ दुए लितिगांती' मधली दोरीना तिने पहिल्यांदा साकारली. दोरीना पण मोलकरीण, तिच्याशी कोणाचं लग्न लावायचं यावर मालक-मालकिणीचं भांडण. ऑपेरा तुफान चालला. बरोबर होता बास गायक बेनुच्ची, जो पुढे पहिला फिगारो झाला. म्हणजे ही जोडी मोझार्टने जमवलेली नाही, चार वर्षं आधीपासून लोकांना आवडलेली जोडी त्याच्या हाती आली.

पुढच्याच वर्षी सम्राट जोसेफ दुसरा याने व्हिएन्नात जर्मन ऑपेराची मंडळी बंद करून इटालियन कॉमिक ऑपेराची कंपनी उभी केली आणि त्यात या दोघांना बोलावून घेतलं. २२ एप्रिल १७८३ ला सालिएरीच्या 'ला स्कुओला दे जेलोझी' ने सुरुवात झाली, त्यात नॅन्सी काउंटेस होती. वय १७. मोझार्टचं लक्ष तिच्याकडे लगेचच गेलं असणार, कारण त्याच सुमारास त्याने 'लो स्पोझो देलुझो' नावाचा एक ऑपेरा लिहायला घेतला, तो अर्धवटच राहिला पण हस्तलिखितात नायिकेच्या नावापुढे कुठली गायिका ते लिहिलेलं आहे, 'सिन्योरा फिशर'. ही फिशर म्हणजे नॅन्सीच.

फिशर हे आडनाव तिला फार महागात पडलं. १७८४ मधे जॉन अब्राहम फिशर या तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या इंग्रज व्हायोलिनवादकाशी तिचं लग्न झालं, तो तिला मारायचा, शेवटी सम्राटाने त्याला व्हिएन्नातून हाकलून दिलं. १ जून १७८५ ला भावाच्या पहिल्या व्हिएन्नी ऑपेराचा पहिला प्रयोग होता आणि भर प्रयोगात तिचा आवाज बसला, पुढचे काही महिने ती गाऊच शकली नाही. त्याच वर्षी तिची तान्ही मुलगी गेली. गावातल्या सगळ्यात लाडक्या गायिकेची ही अवस्था.

परत आली ती ऑक्टोबरमधे सालिएरीच्या 'ला ग्रोत्ता दी त्रोफोनियो' मधे ओफेलिया म्हणून. ती बरी झाली या आनंदात दा पोंतेने ('फिगारो' चे शब्द लिहिणारा तोच) कविता लिहिली आणि तिला तिघांनी मिळून चाल लावली, मोझार्ट, सालिएरी आणि कोणी कोर्नेत्ती. हे गाणं हरवलंय असंच सगळे धरून चालले होते, ते २०१५ मधे प्रागच्या संगीत संग्रहालयात सापडलं. मोझार्ट आणि सालिएरी एकमेकांच्या जिवावर उठले होते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर ऐकावं.

आणि त्याच हिवाळ्यात मोझार्ट 'फिगारो' लिहीत होता. मला म्हणायचंय ते एवढंच की सुझाना या मुलीच्या अंगावर मापं घेऊन शिवलेली आहे. नुसतं आवाजाचं माप नाही, तिचा अभिनय, तिची नक्कल करायची ताकद, तिचं टायमिंग, सगळं. म्हणून सुझानाबद्दल बोलताना तिचं नाव आलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. लंडनमधलं तिचं करिअर अजून मोठं आहे, त्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, माहीतगारांनी भर घालावी.


खर्जातला_सा:

वा, मस्त धागा. एक शंका. तिला कंपनीतली सगळ्यात मोठी गायिका म्हणताय मग तिला मोलकरणीचा रोल कसा, आणि काउंटेस दुसरीला? मी तर वाचलंय की सुझाना हा 'सुब्रेट' म्हणजे हलक्या आवाजाच्या, चुणचुणीत मोलकरणीचा रोल असतो, ज्या मुली करिअरच्या सुरुवातीला असतात त्यांना देतात.


आरोही_अवरोही:

खर्जातला, हा प्रश्न यायलाच हवा होता. गंभीर ऑपेरात राणी राजकन्या या मुख्य गायिकेच्या, पण कॉमिक ऑपेरात तसं नव्हतं, तिथे मुख्य गायिका म्हणजे जिच्या भोवती कारस्थान फिरतं ती, मग ती मोलकरीण असो, माळीण असो की गावातली पोरगी. नॅन्सीने काउंटेसही केल्या आणि दोरीनाही केली. लुइझा लास्की पण काही छोटी गायिका नव्हती, तिला काउंटेस मिळाली, पण काउंटेस दुसऱ्या अंकापर्यंत स्टेजवरच येत नाही!

आणि हलका आवाज म्हणाल तर चौथ्या अंकातलं 'देह व्येनी' काढा. रात्र, बाग, ती वाट बघतेय, आणि 'नोत्तुर्ना फाचे' या शब्दांवर सूर किती खाली उतरतो ऐका. कोवळ्या चिवचिवाटी आवाजाच्या मुलींचं तिथे काहीच ऐकू येत नाही. अख्खी भूमिका बहुतेक मधल्या पट्टीत फिरते, वरच्या सुरांची कसरत जवळजवळ नाहीच. आदल्या वर्षी आवाज गेलेल्या गायिकेला तीनेक तास स्टेजवर ठेवायचं तर हे फार शहाणपणाचं लेखन आहे.


पडद्यामागे:

मी प्रायोगिक नाटकं करतो, ऑपेराचं ज्ञान बेताचं, पण ते मार्केझीच्या नकलेचं वाचून एकदम चमकलो. चौथ्या अंकात सुझाना आणि काउंटेस कपडे बदलतात ना? म्हणजे सुझाना करणारीला काउंटेसच्या आवाजात, तिच्या ढंगात बोलायचंय, फिगारो आधी फसतो आणि मग ती क्षणभर आवाज बदलायला विसरते तेव्हा त्याला कळतं की ही आपलीच. सगळा सीन त्या एका क्षणावर उभा आहे. नक्कल करणारी अ‍ॅक्ट्रेस नसेल तर हा सीन आपटतो. तुमच्या नॅन्सीला हे आधीपासून येत होतं तर.


आरोही_अवरोही:

पडद्यामागे, अगदी नेमकं पकडलंत!! यातच अजून एक दुवा सांगते. ७ फेब्रुवारी १७८६ ला, म्हणजे 'फिगारो' च्या तीनच महिने आधी, शोनब्रुनच्या राजवाड्यातल्या ऑरेंजरीत सम्राटाने पाहुण्यांसाठी दोन छोटे ऑपेरे करवले. एका टोकाला मोझार्टचा 'डेर शाउश्पीलडिरेक्टर', दुसऱ्या टोकाला सालिएरीचा 'प्रिमा ला मुझिका'. सालिएरीच्यात नॅन्सी एका गंभीर गायिकेच्या भूमिकेत होती आणि तिने भर दरबारात मार्केझीची हुबेहूब नक्कल केली, सार्तीच्या 'जुलियो साबीनो' मधली त्याचीच गाणी घेऊन, जी तो आदल्याच वर्षी व्हिएन्नात गाऊन गेला होता. फ्लॉरेन्सला ज्या नकलेपायी नोकरी गेली तीच नक्कल सहासात वर्षांनी सम्राटापुढे, आणि या वेळी वाहवा. मोझार्ट त्या संध्याकाळी त्याच हॉलमधे होता. त्याने बघितलं नसेल असं होईल का?


विटेकर_बुवा:

लेख आवडला, पण मला वाटतं श्रेय जरा एकाच पारड्यात चाललंय. सुझाना ही मुळात बोमार्शेच्या नाटकातली, १७८४ मधे पॅरिसला आलेलं नाटक, आणि त्याने तिचं वर्णनच हुशार, हजरजबाबी, हसरी असं करून ठेवलंय. दा पोंतेने ते इटालियनमधे आणलं. नॅन्सी नसती तरी सुझाना अशीच असती.


आरोही_अवरोही:

विटेकर बुवा, स्वभाव बोमार्शेचा हे पूर्ण मान्य. पण संगीत कोणासाठी कसं बदलतं याचा पुरावा मोझार्टनेच ठेवलाय. २९ ऑगस्ट १७८९ ला व्हिएन्नात 'फिगारो' परत आला तेव्हा नॅन्सी लंडनला निघून गेली होती, सुझाना होती आद्रियाना फेरारेझे. तिचा आवाज जबरदस्त, मोठमोठ्या उड्या मारणारा, अभिनयात मात्र बाई थंड. मोझार्टने काय केलं, सुझानाच्या दोन्ही आरिया काढल्या आणि नव्या दोन लिहिल्या! 'देह व्येनी' च्या जागी 'आल देझीओ' नावाची मोठी दिमाखदार आरिया, आणि केरुबिनोला सजवतानाच्या गाण्याच्या जागी 'उन मोतो दी जोया' हे छोटंसं गाणं. या छोट्या गाण्याबद्दल बायकोला पत्रात लिहितो की तिला ते साधेपणाने गाता आलं तर लोकांना आवडेल पण मला त्याची फार शंका वाटते. पात्र तेच, शब्दकार तोच, कंपोझर तोच, फक्त गायिका बदलली आणि सुझाना वेगळी झाली.

मूळची केरुबिनोवाली आरिया बघा म्हणजे अजून पटेल. 'व्येनीते, इंजिनोक्यातेवी', इकडे ये, गुडघे टेक, मान वळव, नीट चाल, सगळ्या सूचनाच आहेत, गाताना पूर्ण वेळ हातांनी काम चालू आहे, गाण्यातली खरी गंमत ऑर्केस्ट्रात आणि तिच्या हालचालींत. नुसत्या गळ्याच्या भरवशावर बसलेल्या गायिकेला असं गाणं कोणी देणार नाही.


वाचनमग्न:

वाचतेय. फार छान माहिती. त्या दोघांचं प्रेम होतं असं कुठेतरी वाचलेलं आठवतं, मोझार्ट आणि नॅन्सी. काही खरं आहे का त्यात?


आरोही_अवरोही:

वाचनमग्न, पुरावा काही नाही. ही सगळी चर्चा एका गाण्यावरून सुरू होते. डिसेंबर १७८६ च्या अखेरीस मोझार्टच्या स्वतःच्या यादीत एक नोंद आहे, सोप्रानो, ऑर्केस्ट्रा आणि पियानो यांच्यासाठी मोठी आरिया, 'चीयो मी स्कोर्दी दी ते', म्हणजे तुला मी विसरू म्हणतोस? आणि पुढे लिहिलंय, मादमोआझेल स्तोराचे आणि माझ्यासाठी. त्यात आवाज आणि पियानो एकमेकांशी बोलतात, एकाने वाक्य टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं. शब्द निरोपाचे, ती व्हिएन्ना सोडून निघालेली, त्यामुळे शंभर दीडशे वर्षांनी अभ्यासकांनी त्यात प्रेमपत्र वाचलं. पण हेच शब्द मोझार्टने त्याच वर्षी मार्चमधे आपल्याच 'इदोमेनेओ' या ऑपेराच्या एका खाजगी प्रयोगासाठी आधीच संगीतबद्ध केलेले होते, तिथे पियानोच्या जागी व्हायोलिन. म्हणजे शब्द काही तिच्यासाठी शोधलेले नव्हते.

मला विचाराल तर प्रेमकथा लावून त्या गाण्याचं मोल कमी होतं. एक कलावंत दुसऱ्या कलावंताला निरोप देतोय आणि दोघं बरोबरीने बसून वाजवतायत गातायत, याहून मोठं काय हवं? २३ फेब्रुवारी १७८७ ला तिचा निरोपाचा कार्यक्रम झाला. मग ती, आई, भाऊ, केली आणि मोझार्टचा इंग्रज शिष्य अ‍ॅटवुड असे सगळे निघाले, वाटेत साल्झबुर्गला मोझार्टच्या वडिलांना भेटले. मोझार्टचंही लंडनला जायचं मनात होतं, पण मुलं सांभाळायला वडिलांनी नकार दिला होता आणि बेत बारगळला.


नाट्यवेडा_पुणे:

आपल्याकडे संगीत नाटकात एकेका पदाला वन्स मोअर घेऊन पहाट व्हायची, तसं तिथे होतं का? की गपचूप बसून ऐकायचे?


आरोही_अवरोही:

नाट्यवेडा, गपचूप?? 'फिगारो' च्या दुसऱ्या प्रयोगाला पाच गाणी परत घेतली, तिसऱ्याला सात, आणि त्यातलं एक छोटं द्वंद्वगीत तर तीनदा गायला लावलं. हे मोझार्टच्या वडिलांनी मुलीला पत्रात कळवलंय. प्रयोग इतका लांबायला लागला की सम्राटाने लगेच फर्मान काढलं, एकाहून जास्त गायक असलेलं कुठलंही गाणं परत घ्यायचं नाही. आता बघा, या ऑपेरात जवळजवळ निम्मी गाणी एकाहून जास्त गायकांची आणि त्यातल्या बहुतेकांत नॅन्सी. म्हणजे हुकूम सगळ्यात जास्त तिच्याच गाण्यांवर आला.


लंडनची_पारू:

लंडनचा भाग मी लिहू का? इथे राहते आणि या विषयाचं वेड आहे म्हणून.

एप्रिल १७८७ मधे ती किंग्ज थिएटरात पाइझिएल्लोच्या 'ल्यी स्क्यावी पेर आमोरे' मधे उभी राहिली, पण तिचं खरं राज्य ड्रुरी लेनला. तिथे इंग्रजी ऑपेरा चालायचा, म्हणजे गद्य संवाद आणि मधे गाणी, नाट्यवेडांना लगेच कळेल असा प्रकार. भाऊ स्टीफन चाली द्यायचा आणि बहिणीला डोळ्यासमोर ठेवून रोल लिहून घ्यायचा. २४ नोव्हेंबर १७८९ ला 'द हाँटेड टॉवर' आला, त्यात ती अ‍ॅडेला, नाटक धो धो चाललं. पुढच्या एप्रिलमधे 'नो साँग, नो सपर', त्यातली मार्गारेटा तिची कायमची ओळख झाली. १ जानेवारी १७९१ ला 'द सीज ऑफ बेलग्रेड', त्यात लिला. लिला हे नाव ऐकून आरोही ताईंना काहीतरी आठवेल!

मार्च १७९६ मधे स्टीफन गेला, तेहतिसाव्या वर्षी. त्याचं 'महमूद' अर्धवट राहिलेलं, ते नॅन्सी आणि केलीने मिळून पुरं केलं आणि एप्रिलअखेर स्टेजवर आणलं. भावाचं काम धुळीत पडू दिलं नाही. त्याच प्रयोगात जॉन ब्रॅहम नावाचा तरुण टेनर ड्रुरी लेनला पहिल्यांदा गायला. पुढे तो आणि नॅन्सी एकत्र राहिले, १७९७ ते १८०१ युरोपभर दौरे केले, १८०२ मधे मुलगा झाला. लग्न मात्र नाही, फिशर १८०६ पर्यंत जिवंत होता. १८१५-१६ च्या सुमारास ब्रॅहम तिला सोडून गेला आणि १८१७ च्या ऑगस्टमधे ती गेली, ५१ वर्षांची.

लॅम्बेथच्या सेंट मेरी चर्चमधे तिला पुरलंय. ते चर्च आता बागकामाचं म्युझियम आहे, थेम्सच्या काठी, लॅम्बेथ पॅलेसला लागून. इकडे आलात तर चक्कर टाका.


आरोही_अवरोही:

पारू, किती सुंदर लिहिलंस! हो, लिला आठवलीच. नोव्हेंबर १७८६ मधे व्हिएन्नात मार्तिन इ सोलेरचा 'ऊना कोझा रारा' आला, त्याने 'फिगारो' ला मागे टाकलं, आणि त्यात डोंगरातली मुलगी लिला होती आपली नॅन्सीच. 'सीज ऑफ बेलग्रेड' मधे स्टीफनने त्याच ऑपेराचं बरंचसं संगीत घेतलं. म्हणजे तोच रोल तिने व्हिएन्नात इटालियनमधे केला आणि लंडनला इंग्रजीत.

आणि यातून मला फार आवडणारी एक गोष्ट निघते. 'दोन जोव्हानी' च्या शेवटच्या जेवणाच्या प्रसंगात वादक तीन गाजलेल्या ऑपेरांच्या चाली वाजवतात, 'ऊना कोझा रारा', 'फ्रा इ दुए लितिगांती' आणि 'फिगारो'. लिला, दोरीना, सुझाना. तिन्ही नायिका सर्वात आधी स्टेजवर आणल्या त्या नॅन्सीने! मोझार्टने हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही, लोकांना माहीत असलेल्या चाली घेतल्या एवढंच. पण १७८७ मधे ज्या चाली सगळ्यांच्या तोंडी होत्या त्या तिन्ही ऑपेरांमागे एकाच मुलीचं काम उभं होतं.


विटेकर_बुवा:

हे तीन ऑपेरांचं भारी आहे, माझं मत बरंचसं सरकलं. पण आवाज म्हणून ती खरंच मोठी होती का? त्या काळच्या कोणी वाईट लिहिलंय का?


लंडनची_पारू:

लिहिलंय की. लॉर्ड माउंट एजकम्ब म्हणून एक पक्का ऑपेराप्रेमी होता, त्याने तिच्या आवाजाला खरखरीत म्हटलंय, दिसण्यावरही बोललाय. पण तोच म्हणतो की कॉमिक भूमिकांत ती अप्रतिम, आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत हेंडेलच्या उत्सवात ती गायली तेव्हा त्या भव्य जागेत तो खरखरीतपणा जाणवलाच नाही. म्हणजे ती नुसती विनोदी नटी नव्हती. हायडनच्या १७९१ च्या लंडन सीझनलाही ती गायलीये.


पडद्यामागे:

स्टीफनचे हे इंग्रजी ऑपेरे आता कोणी करतं का? ऐकायला मिळतील?


लंडनची_पारू:

फार थोडं उरलंय. २४ फेब्रुवारी १८०९ ला ड्रुरी लेन थिएटर जळालं त्यात संगीताची हस्तलिखितं गेली. बाकीच्या नाटकांची फक्त आवाज आणि पियानोसाठी छापलेली पुस्तकं आहेत, पूर्ण ऑर्केस्ट्रासकट शिल्लक राहिलं ते एकच, 'नो साँग, नो सपर'. मार्गारेटाचं. ३० मे १८०८ ला ड्रुरी लेनवरून निवृत्त होताना ती शेवटची गायली तोही हाच रोल. कोणाला करायचा असेल तर स्कोअर (सगळ्या वाद्यांसकट लिहिलेलं संगीत) छापलेला मिळतो, छोटं आहे, दोन अंकी, चार चांगले गाणारे आणि संवादाची जाण असलेली एक मार्गारेटा मिळाली की झालं.


पडद्यामागे:

दोन अंकी आणि गद्य संवाद? मग आमच्या ग्रुपला जमण्यासारखं आहे, मराठी संवाद लिहून बघतो. पारू ताई, स्कोअर कुठल्या लायब्ररीत बघायचा ते व्यनि (खाजगी निरोप) करा.